परिस्थिती सुधारली की येतो

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. 'काका, दोन-तीन महिने जमणार नाही, परिस्थिती सुधारली की येतो.' नोकरी गेल्याचं तुझ्या आईकडून आधीच कळलं होतं. भजनाचे दोन गुरुवार तू न सांगता चुकवलेस आणि तिसऱ्याला ही एक ओळ. रागावूनच लिहायला बसलो होतो, पण कोपऱ्यात तुझा पखवाज खोळीत तसाच उभा दिसला आणि राग उतरला.

वर्गणी थकली म्हणून तू तोंड चुकवतो आहेस. घरात कोणी म्हणालंही असेल, पगार नाही आणि हा चालला पखवाज बडवायला. मला हे नवीन नाही. पण 'परिस्थिती सुधारली की' हे मला ऐकवत नाही. गुरुवार मोडायचा नाही. बाकी काय हवं ते मोड.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी सांचे खात्यात, म्हणजे मागांवर होतो. अडीच लाख माणसं बाहेर. सगळे म्हणत होते, होळीपर्यंत मिटेल. मग म्हणाले, गणपतीपर्यंत. तो संप मागे घेतल्याचं आजतागायत कोणी जाहीर केलेलं नाही. म्हणजे परिस्थिती सुधारायची वाट बघितली असती तर आमचं भजन अजून बंदच असतं.

लालबागला आमच्या गावकीची खोली होती. दहा बाय बाराच्या त्या खोलीत पाळीपाळीने पंचवीस जण झोपायचे, आणि गुरुवारी वळकट्या बाहेर गॅलरीत टाकून बावीस जण भजनाला बसायचे. संपात माणसं एसटीचं भाडं उसनं घेऊन गावी गेली. मे महिन्यात आम्ही नऊ होतो, पावसाळ्यात पाच. एका गुरुवारी बुवा, पखवाजी आणि मी, एवढेच. बुवांनी रूपाचा अभंग धरला, कोरसला मी एकटा. अंतरा कसाबसा उचलला. शेजारच्या खोलीतला माणूस, ज्याने जन्मात टाळ धरला नव्हता, तो येऊन बसला आणि हातानेच ताल धरू लागला. त्या रात्री थांबलो असतो तर पुढच्या गुरुवारी कोणी आलं नसतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

पखवाजाच्या धुमेला, त्या डाव्या तोंडाला, कणीक लागते हे तुला सांगायला नको. खोलीत तर पिठाचा डबा रिकामा. वरच्या मजल्यावरची खानावळवाली, जिचे आमच्यापैकी निम्म्या लोकांकडे पाच-पाच महिन्यांचे पैसे थकले होते, ती दर गुरुवारी वाटीत मुठीएवढा गोळा पाठवायची. भैरवी झाली की पखवाजी तो नखांनी खरवडून काढायचा. एरवी तो गाईला जायचा. एका रात्री मी विसरलेली चप्पल घ्यायला परत आलो, तर तो स्टोव्हवर तवा ठेवून तोच गोळा थापून भाजत होता. पाठमोरा होता. मी दारातूनच मागे फिरलो, अनवाणी. पुढच्या गुरुवारी तो सगळ्यांच्या आधी येऊन वाद्या ओढत बसला होता.

आता तू म्हणशील, काका, उपाशी माणसाला भजनाने काय मिळतं? माझ्या बायकोनेही हेच विचारलं होतं. तिची बोरमाळ सावकाराकडे गेली आणि मंडळाची बाजाची पेटी मात्र खोलीत तशीच राहिली, हे तिला कधी पटलं नाही. एकदा म्हणाली, "तुमच्या तुकोबांची बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली. तेही अभंगातच आहे ना?" यावर मला उत्तर सुचलं नाही. पण पेटी मंडळाची होती, माझी नव्हती. ती मी कशी विकणार? बावीस जणांनी दोन-दोन रुपये काढून घेतलेली पेटी. आणि विकली असती तर किती दिवस पुरले असते ते पैसे? हा हिशेब मी इतक्या वर्षांत शंभर वेळा मांडला आहे, आणि दर वेळी तो माझ्याच बाजूने सुटतो. ती आता नाही. असती तर पुन्हा सांगितलं असतं.

आणि मिळत कसं नाही? भैरवीनंतर कोरा चहा व्हायचा. कोणाला गोदीत हमाली मिळाली, कुठे चार दिवसांचं रंगकाम आहे, कोणाचं पोर तापाने पडलंय, सगळं त्या चहावर कळायचं. पुढे ज्या वॉचमनकीवर मी दोन पोरं शिकवली, तिची बातमीही गुरुवारीच मिळाली. तू घरी मोबाईलमध्ये डोकं घालून अर्जांवर अर्ज टाकतोस, टाक. पण आपल्या मंडळात चौदा जण आहेत, आणि तुझी नोकरी गेली आहे हे त्यातल्या बारा जणांना माहीतच नाही. कसं कळणार? तू आलाच नाहीस.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी कोणाला लिहून दिलेली नाही. गुरुवार आम्ही मोडला नाही असं मी मिरवतो. पण एकदा मोडला, आणि मीच मोडला. संपाच्या दहाव्या महिन्यात आमच्यातला एक जण कामावर गेला. पहाडी आवाज, गजर त्याच्यावरच उभा राहायचा. घरी तीन मुली होत्या. त्या गुरुवारी तो नेहमीच्या वेळी आला, टाळ कापडात गुंडाळून, आणि उंबऱ्यात उभा राहिला. त्याची जागा माझ्या शेजारी. तुला ठाऊक आहे, भजनात 'या' असं कोणी म्हणत नाही, बसलेला माणूस गुडघा जरा आत घेतो, झालं. मी गुडघा हलवला नाही. बुवांनी अभंग थांबवला नाही. तो अख्खं एक कडवं उभा राहिला आणि गेला. पुन्हा कुठल्याच मंडळात गायला नाही, गावीच वारला. संप बरोबरच होता, आजही तसंच मानतो. पण त्या खोलीत मी कोणाचा खिसा आणि कोणाची हजेरी तपासायला बसलो नव्हतो. त्याला जागा द्यायची होती.

म्हणून तुझ्या एका ओळीने मी एवढा अस्वस्थ झालो. तुला कोणी बाहेर काढलेलं नाही, तूच उंबऱ्यावरून परत चालला आहेस. वर्गणी नाही तर नाही. वहीत तुझ्या नावापुढे रेघ मारून ठेवतो, तो माझा प्रश्न. मन लागत नसलं तर ठेका चुकेल, चुकू दे, टाळ सांभाळून घेतील. मुलाखत असली तर उशिरा ये. पण ये.

येत्या गुरुवारी साडेआठला बसतो आहोत. गणपतीतल्या भजनाच्या बाऱ्या तोंडावर आल्या आहेत आणि पावसाने पखवाजाची पुडी उतरली आहे, गट्टे ठोकायला अर्धा तास आधी आलास तर बरं. माझ्याकडे हल्ली तांदळाचंच पीठ असतं. कणीक मात्र घरून आण.

तुझा,
काका