वाचक विचारतात, शिफ्ट इंजिनिअर सांगतात

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'गेट'चा स्कोअर बरा आलाय. एनपीसीआयएल (अणुवीज केंद्रं चालवणारी सरकारी कंपनी) आणि भाभा अणुसंशोधन केंद्र, दोन्हीकडे अर्ज करणार आहे. पण अणुभट्टी हा विषय आम्हाला नव्हताच. तिथे प्रत्यक्ष काम शिकवतात की नुसते वर्ग भरतात?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तारापूरला तुझ्या वयाच्या मुलांनाच शिकवत आलो, त्यामुळे अहो-जाहो करत नाही. विषय नव्हता याची काळजी सोड. भरती मुख्यतः मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन अशा शाखांमधूनच होते. होमी भाभांच्या काळात, 1957 साली, ट्रॉम्बेचं, म्हणजे आजच्या भाभा केंद्राचं, ट्रेनिंग स्कूल निघालं तेच मुळी इतर शाखांची मुलं घेऊन त्यांना या कामासाठी तयार करायला.

भाभा केंद्रातलं प्रशिक्षणाचं वर्ष अभ्यासाचं. परीक्षांमागून परीक्षा, पुढे संशोधन किंवा डिझाइन. एनपीसीआयएलची वाट थेट वीजकेंद्रात जाते. वर्ग तिथेही भरतात, पण खरं शिक्षण फ्लोशीट, म्हणजे पाइप-व्हॉल्व्हचा नकाशा, हातात घेऊन प्लांटमध्ये फिरताना होतं. त्याला आम्ही लाइन ट्रेसिंग म्हणतो. कागदावर एका रेघेत दिसणारा पाइप भिंतीपलीकडे जातो, मजला बदलतो, आणि त्यावरचा व्हॉल्व्ह भलत्याच खोलीत सापडतो. हुशार मुलं इथेच कंटाळतात आणि मित्राच्या वहीतून उतरवून घेतात. ते लगेच कळतं. तोंडी परीक्षेत मी एवढंच विचारायचो, "हा व्हॉल्व्ह कंट्रोल रूममधून उघडला नाही, तर हाताने उघडायला कुठल्या जिन्याने जाशील?"

हा हट्ट कशासाठी, तेही सांगतो. भट्टी बंद केली तरी उष्णता थांबत नाही. बंद केल्या क्षणी ती मूळ औष्णिक शक्तीच्या सहा-सात टक्के असते. तारापूरच्या 540 मेगावॉटच्या भट्टीत म्हणजे शंभर मेगावॉटच्या आसपास, कारण 540 ही नुसती वीज, भट्टीतली उष्णता तिच्या तिपटीच्या आसपास असते. मग ती झपाट्याने उतरते, पण थंडावा चालूच ठेवावा लागतो. त्या वेळी कुठला पंप चालू, कुठला तयार आणि त्याला वीज कुठून येते हे पाठ असून भागत नाही, पायाखालचं असावं लागतं.

मग सिम्युलेटर, म्हणजे हुबेहूब कंट्रोल रूम. प्रशिक्षक मागे बसून एकावर एक बिघाड सोडतो. माझा आवडता प्रसंग भट्टी ट्रिप झाल्यानंतरचा, म्हणजे बिघाडामुळे ती आपोआप बंद पडल्यानंतरचा. थोड्याच वेळात ती पुन्हा वर घेतली नाही, तर आत झेनॉन हा भट्टीची अणुप्रक्रिया दाबून टाकणारा वायू साचतो आणि दीड-एक दिवस भट्टी सुरू करता येत नाही. घड्याळ पळत असतं, वीज हवी असते, आणि ट्रिपचं कारण अजून सापडलेलं नसतं. तू घाई करतेस की थांबतेस, हेच आम्ही बघतो. थांबणाऱ्याला माझे मार्क जास्त.

एवढं झालं तरी ट्रेनीच्या हाती पॅनल देत नाहीत. ते चालवायला लायसन्स लागतं. लेखी परीक्षा, प्लांटमध्ये फिरवून विचारपूस, शेवटी मुलाखत. लायसन्स कायमचंही नसतं, मुदतीनंतर पुन्हा परीक्षा.

माझं स्पष्ट मत : रात्रपाळी सोसत नसेल तर भाभा केंद्र बघ. मशीनशेजारी उभं राहायला आवडत असेल तर एनपीसीआयएल. तिथे तीन वर्षांचा बाँड असतो, घरी आधी बोलून घे.

प्रश्न : मुलगी अशा केंद्रात रुजू होतेय. किरणोत्साराचं काय?
– एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, आत जाताना प्रत्येकाच्या छातीवर टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारा बिल्ला, असतो आणि त्याची नोंद ठेवली जाते. कर्मचाऱ्याला कुठल्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराची मात्रा मोजायचं एकक) आणि पाच वर्षांत मिळून 100 ही मर्यादा आहे. बॅज कपाटात विसरून आत जाणारे महाभाग मी पाहिलेत, तेवढं तिला बजावा. पुढे कधी दिवस गेले तर तिने लगेच कळवायचं. त्यानंतर बाळासाठीची मर्यादा फक्त 1 मिलिसिव्हर्ट असते आणि काम त्या हिशेबाने दिलं जातं.