जाते नाही, येते

सुनंदाताई (नाव बदललंय, आणि ओळख पटेल असे तपशीलही) माझ्याकडे समुपदेशनाला आल्या त्या मुलासाठी. मुलगा आठवीत. पुण्याच्या शाळेत येऊन चार महिने झाले होते, आणि वर्गातल्या एकाही मुलाचं नाव त्याला सांगता येत नव्हतं. "विचारलं तर म्हणतो, नाव विचारून काय करायचंय, दोन वर्षांनी जायचंच आहे."

यजमान सैन्यात, सिग्नल्समध्ये (संदेशवहन दलात) नायब सुभेदार. लग्नाला सोळा वर्षं. त्यातली पहिली चार साताऱ्याजवळ सासरी गेली, कारण क्वार्टर मिळत नव्हती. नंतर कुठे पीस पोस्टिंग, म्हणजे कुटुंब सोबत नेता येईल अशी नेमणूक, मिळालं की संसार एकत्र, फील्ड, म्हणजे नेता येणार नाही अशी, लागलं की हे तिकडे आणि मायलेकरं इकडे. जबलपूरला मात्र सलग तीन वर्षं मिळाली. तिथून जानेवारीत पुणे.

मुलाबद्दल दहा मिनिटं बोलल्या आणि रडायलाच लागल्या. मग स्वतःवरच चिडल्या. "मला रडायला काय झालंय सांगा. सासर दोन-अडीच तासांवर आलं. रिक्षावाल्याशी मराठीत बोलता येतं. सासूबाई म्हणतात, लोक देव पाण्यात ठेवतात अशा पोस्टिंगसाठी."

खडकी, घोरपडी, देहूरोड या भागांतून माझ्याकडे बरीच लष्करी कुटुंबं येतात. शब्द वेगळे, पण प्रश्न तोच असतो: सारखं उठायचंच असेल तर गावाला जीव लावायचा कशाला? सुनंदाताईंच्या मुलाने त्याचं उत्तर स्वतःपुरतं काढलं होतं. आईचं अजून निघत नव्हतं.

पहिल्या भेटीत मी चूकच केली. शेजारणींशी ओळखी वाढवा, आवाच्या, म्हणजे सैनिकांच्या पत्नींच्या संघटनेच्या, कार्यक्रमांना जात जा, असं सांगून बसले. त्या डोळे पुसता पुसता हसल्या. "मॅडम, ओळखी कशा करायच्या हे मी तुम्हाला शिकवीन. क्वार्टरांच्या नव्या लायनीत पोचल्यावर तासाभरात दूध, गॅस आणि ट्यूशन कुठली चांगली, सगळं मला ठाऊक असतं." खरंच होतं ते. शहरात शिरायची विद्या त्यांच्याकडे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होती.

दुसऱ्या भेटीत ट्रंकांचा विषय निघाला. सहा ट्रंका अजून बंद होत्या. काळ्या पत्र्याच्या, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. प्रत्येक बदलीला जुन्या गावावर काळा रंग मारायचा आणि नवं गाव लिहायचं. "बोट फिरवलं ना, की खालची अक्षरं लागतात हाताला," त्या म्हणाल्या. बोलताना माझ्या टेबलावर त्यांचं बोट तसंच फिरत होतं.

मी विचारलं, "जबलपूरहून निघालात तो दिवस सांगा."

यजमान आधीच पुण्याला रुजू झाले होते. मार्चिंग आउटचं, म्हणजे क्वार्टर परत करण्याचं काम यांच्यावर. एमईएसचा, म्हणजे क्वार्टरांची देखभाल करणाऱ्या लष्करी बांधकाम खात्याचा, माणूस यादी घेऊन आला. पंखे मोजले, नळ मोजले, होल्डर मोजले. मोरीच्या खिडकीची एक काच तडकलेली निघाली, त्यावर अर्धा तास हुज्जत. आदल्या रात्री दोनपर्यंत ओटा घासला होता. दुपारी चावी दिली, संध्याकाळी गाडी. तीन वर्षं दर सोमवारी त्या ग्वारीघाटाला नर्मदेवर जायच्या. शेवटच्या सोमवारी खोकी बांधत होत्या. जबलपूरचं शेवटचं काय आठवतं, तर ती काच.

"कुणाला भेटलात?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "लायनीतून कुणी निघालं की ओटी मी भरायची. केरळची असो, मणिपूरची असो, त्यांना काय कळतंय, पण पदर पसरायच्या. सहा जणींच्या भरल्या. माझ्या वेळी ओळखीचं कुणी उरलंच नव्हतं. आणि मॅडम, आपण निघताना 'जाते' म्हणत नाही ना, 'येते' म्हणतो. मला कुणाला 'येते' म्हणवलंच नाही. कुठली येतेय मी परत जबलपूरला? खोटं वाटलं. म्हणून न सांगताच निघाले."

इथे मला धागा सापडला. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिलं. मराठीत मी त्याला 'मान्यता नसलेलं दुःख' म्हणते. माणूस गेलं तर सुतक असतं, लोक भेटायला येतात. गाव सुटलं तर कोण येणार? उलट अभिनंदन होतं. रडायची सोय नसते, मग ते दुःख बंद ट्रंकेत, नाहीतर मुलाच्या अबोल्यात जाऊन बसतं. मुलालाही शेवटच्या दिवशी शाळेत फक्त दाखला आणायला नेलं होतं. वर्ग चालू होता, दारातूनच परत.

मी त्यांना एकच काम दिलं: ज्यांना न सांगता निघालात त्यांची नावं लिहा. सात निघाली. त्यात सदर बाजाराजवळची भाजीवाली होती. पैसे फोनवरून द्यायच्या, म्हणून तिचा नंबर होता. पण चार महिन्यांनी भाजीवालीला फोन करून बोलायचं काय? आठवडाभर टाळलं. शेवटी केला, तर पलीकडून आधी शिव्याच. "बताया तक नहीं! तीन दिन चने की भाजी अलग रखी तुम्हारे लिए." जानेवारीत तिकडे हरभऱ्याची कोवळी भाजी येते, ती यांना फार आवडायची. तीन दिवस ती बाजूला ठेवली आणि तीन दिवस सुकली. हे सांगताना त्या रडल्या, पण या वेळी स्वतःवर चिडल्या नाहीत. फोन ठेवताना तोंडातून आपसूक "आती हूँ" गेलं म्हणे.

आपला निरोप आपल्यासाठीच असतो असं आपण धरून चालतो. पलीकडेही कुणी भाजी बाजूला ठेवून बसलेलं असतं.

ज्यांची बदलीची ऑर्डर आता आली आहे त्यांना मी एवढंच सांगते: सामान बांधायला घ्यायच्या आधी निरोपाचे दोन दिवस कॅलेंडरवर आखून ठेवा. शेवटच्या आठवड्यात ते सापडत नाहीत, तो आठवडा यादी घेऊन आलेल्या माणसाचा असतो. मुलाला शाळेत पूर्ण दिवस बसू द्या, दाखला दुसऱ्या दिवशी आणता येतो. आणि "नवीन शाळा खूप मस्त आहे" हे लगेच सुरू करू नका. जुनी मस्त होती, हे आधी त्याला म्हणू द्या.

एक गोष्ट मात्र निरोपाने सुटत नाही. सुनंदाताई बी.एड. आहेत. प्रत्येक गावात कंत्राटी शिक्षिका म्हणून पुन्हा तळापासून सुरुवात, अनुभव बारा वर्षांचा आणि पगार नवख्या मुलीचा. त्याचा राग त्यांनी माझ्याकडे काढला तेव्हा मी तो शांत करायला गेले नाही. तो राग रास्त आहे. समुपदेशकाने प्रत्येक गोष्टीला मनाचा प्रश्न करू नये.

मुलाने जबलपूरच्या फुटबॉल टीममधल्या गोलकीपरला फोन केला. तासभर बोलले, बहुतेक गेमबद्दलच. चौथ्या भेटीत तो आईबरोबर आला आणि पहिल्यांदा वर्गातल्या एकाचं नाव घेतलं, तक्रार म्हणून: "तो ओंकार फार फाउल करतो."

त्यानंतर महिन्याभराने सुनंदाताईंचा फोन आला. चार ट्रंका उघडल्या होत्या.

"आणि बाकीच्या दोन?"

"त्यात लोकरीचे कपडे आहेत हो. पुण्यात काय करायचेत? असू देत बांधलेले."