लेकीच्या कॉलेजसाठी प्रीपेड घ्यायचं की साधं ५२९?

अगं, बाळाच्या कॉलेजसाठी फ्लोरिडा प्रीपेड (आत्ता हप्ते भरायचे आणि पुढे सरकारी युनिव्हर्सिटीची फी त्यातून जाते असा स्टेटचा प्लॅन) घ्यावं की साधं ५२९ (कॉलेजसाठीचं टॅक्स वाचवणारं गुंतवणुकीचं खातं), हा तुझा मेसेज सकाळीच बघितला पण हे प्रकरण फोनवर दोन ओळीत सांगण्यासारखं नाही म्हणून आत्ता निवांत लॅपटॉप घेऊन बसलेय. तुझ्या ऑफिसात सगळे म्हणतायत फ्लोरिडा प्रीपेड आत्ताच घे, बाळ जितकं लहान तितका हप्ता कमी. हप्ता कमी बसतो हे खरंय. पण त्यामुळे सौदा चांगला ठरतो असं मात्र नाही.

आधी एक डोक्यात पक्कं कर, प्रीपेड म्हणजे गुंतवणूक नाही, तो विमा आहे. उद्या स्टेट युनिव्हर्सिटीची फी वाढली तर ती वाढ तुझ्या अंगावर येऊ नये म्हणून तू आज पैसे मोजतेस. फी धडाधड वाढली तर तू जिंकलीस, नाही वाढली तर तुझा हप्ता जरा महागातच गेला. आणि गंमत बघ, फ्लोरिडात नेमकं हेच झालंय. गेन्सव्हिलला यूएफची (युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाची) इन-स्टेट, म्हणजे फ्लोरिडात राहणाऱ्यांसाठीची फी वर्षाला साधारण ६,४०० डॉलर आहे, आणि ती गेली दहाबारा वर्षं जवळजवळ तिथेच आहे. फी इतकी वाढेल असं धरून प्लॅनच्या किमती ठरवल्या होत्या आणि तसं काही झालंच नाही, म्हणून २०२० मध्ये प्रीपेडवाल्यांनी स्वतःहून किमती खाली आणल्या, जुन्या लोकांचे हप्ते कमी केले, काहींना पैसे परत दिले, सगळं मिळून १.३ अब्ज डॉलर. चांगलं केलं, मी नावं ठेवत नाहीये. पण तोवर लोक जास्तीचे भरत होते हेही त्यातूनच कळतं ना.

दुसरं म्हणजे प्रीपेड ज्या फीचा विमा उतरवतं ती कॉलेजच्या खर्चातली फ्लोरिडापुरती तरी लहान बाब आहे. राहणं, खाणं, पुस्तकं, गाडी, हे सगळं फीच्या कितीतरी पुढे जातं. तुझी लेक हुशार निघाली (आपल्याकडे सगळ्यांच्याच मुली हुशार निघतात म्हणा) आणि ब्राइट फ्युचर्सची (फ्लोरिडा स्टेटची गुणांवर मिळणारी) वरची स्कॉलरशिप तिने मिळवली तर सरकारी युनिव्हर्सिटीची फी तशीही पूर्ण माफ होते. प्रीपेडचे पैसे तेव्हा बुडत नाहीत, पण ज्याचा विमा काढला तो धोकाच उरत नाही, आणि खोलीचं भाडं तुझ्याच खिशातून जातं.

आता ती दुसऱ्या स्टेटला गेली तर? फ्लोरिडा प्रीपेड तिथेही चालतं, पण फ्लोरिडात जेवढी रक्कम दिली असती तेवढीच देतं, बाकीचं तुझं तू बघ. मिशिगन किंवा कॅलिफोर्नियाची बाहेरच्यांसाठीची फी डोळ्यासमोर आण म्हणजे ती रक्कम किती तोकडी पडते ते लक्षात येईल. मधेच बंद केलंस तर भरलेलं परत मिळतं, पण वाढ काही नाही. पंधरा वर्षांनी तेच डॉलर हातात. तुमची ग्रीन कार्डची रांग आणि नवऱ्याची दर तीन वर्षांनी बदलणारी नोकरी बघता अठरा वर्षांनी तुम्ही टॅम्पातच असाल यावर तू किती पैसे लावशील, सांग बरं?

शिवाय हमी कोणाची आहे हे बघायला लोक विसरतात. फ्लोरिडात प्लॅनच्या मागे स्टेट कायद्याने उभं आहे, म्हणून इथे मी निदान "घेऊच नकोस" असं म्हणत नाही. पण अलाबामात बघ काय झालं, तिथल्या पीएसीटी या प्रीपेड प्लॅनचे पैसे बऱ्यापैकी शेअर बाजारात होते, २००८ ला बाजार पडला, फी तर वाढतच होती, प्लॅन नव्या लोकांसाठी बंद केला आणि शेवटी तडजोडीत २०१० च्या फीएवढेच पैसे मिळतील असं ठरलं. ज्यांनी "पूर्ण फी भरली जाणार" असं समजून वर्षानुवर्षं हप्ते भरले होते त्यांनी वरचा फरक स्वतः भरायचा. वॉशिंग्टन स्टेटमध्ये तर उलटीच तऱ्हा, २०१५ ला विधिमंडळाने फीच कमी केली आणि महागात प्रीपेडची युनिटं (आगाऊ फीचे भाग) घेऊन ठेवलेल्या पालकांच्या पोटात गोळा आला, मग विक्री दोन वर्षं थांबवून हिशोब सावरावा लागला. टेक्सासने २००३ ला फीवरचं नियंत्रण काढलं आणि त्याच वर्षी जुना प्लॅन नव्या लोकांना बंद. म्हणजे या प्लॅनचं नशीब बाजारापेक्षाही तिथल्या राजकारणावर जास्त टांगलेलं असतं.

मग तू काय करावंस? साधं ५२९ उघड, सेव्हिंग्जवालं. त्यात पैसे फंडात जातात, वाढ होते, कॉलेजच्या खर्चाला काढले तर वाढीवर फेडरल टॅक्स लागत नाही, आणि ते फीला चालतं, डॉर्मला चालतं, जेवणाच्या प्लॅनला चालतं, कुठल्याही स्टेटमध्ये चालतं. फ्लोरिडात स्टेट इन्कम टॅक्सच नाही, म्हणजे त्यात सूट मिळायचा प्रश्नच नाही, त्यामुळे इथल्याच प्लॅनमध्ये अडकून राहायचंही कारण नाही, युटाचं माय५२९ घे, तिथे कुणीही उघडू शकतं आणि खर्च कमी आहे. न्यू जर्सीतल्या तुझ्या नणंदेचं गणित वेगळं, तिला स्टेटच्या प्लॅनवर उत्पन्नाच्या अटीत बसलं तर टॅक्सची सूट आहे, तिने आधी ते बघावं. वयानुसार आपोआप सावध होत जाणारा पर्याय निवड आणि मग दर आठवड्याला उघडून बघत बसू नकोस. महिन्याला १०० डॉलर अठरा वर्षं टाकलेस तर २१,६०० भरले जातात, सरासरी ५ टक्के धरले तर साधारण ३५ हजार होतात. बाजार असतो, कमीजास्त होणार, शेवटची चार वर्षं जपायची.

लेकीला गरज पडली नाही तर काय, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. नाव बदलून धाकट्याला देता येतं, चुलत-मावस भावंडांनाही देता येतं. स्कॉलरशिप मिळाली तर तेवढी रक्कम काढताना, एरवी कॉलेजबाहेरच्या खर्चाला काढल्यावर वाढीवर लागणारा १० टक्के दंड माफ असतो, वाढीवर टॅक्स मात्र भरावा लागतो. २०२४ पासून खातं पंधरा वर्षं जुनं असेल तर एकूण ३५,००० डॉलरपर्यंत तिच्या रॉथ आयआरएमध्ये (निवृत्तीच्या खात्यात) हलवता येतात, दरवर्षीच्या मर्यादेत. म्हणून खातं लवकर उघडण्यात अर्थ आहे, पंचवीस डॉलरने का होईना, पंधरा वर्षांचं घड्याळ सुरू होतं.

एक अडचण आहे ती आत्ताच सांगते. परत पुण्याला गेलात तर टॅक्समाफी अमेरिकेच्या कायद्याची आहे, भारतात तुम्ही रेसिडेंट झालात की तिथला कायदा वेगळं बघतो, आणि भारतातली बहुतेक कॉलेजं ५२९ च्या यादीत बसत नाहीत. परतीचा विचार खराखुरा असेल तर निम्मे पैसे तुमच्या नावावरच साध्या ब्रोकरेज अकाउंटमध्ये (शेअर-फंड घ्यायच्या खात्यात) ठेव, टॅक्स थोडा जाईल पण हात बांधले जाणार नाहीत. लेकीच्या नावाचं यूटीएमए (मुलाच्या मालकीचं, मोठ्यांनी सांभाळायचं खातं) मात्र नको, ते कायद्याने ठरलेल्या वयाला तिच्याच हातात जातं, आणि फायनान्शियल एडच्या (कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या) हिशोबात मुलांचे पैसे २० टक्के धरतात, आईबापांचे जास्तीत जास्त ५.६४.

आणि हो, हे सगळं ४०१के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) मधली कंपनीची मॅच, म्हणजे तुमच्या भरण्यावर कंपनी घालते ते पैसे, पूर्ण घेतल्यावर आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढल्यावर. कॉलेजसाठी लोन मिळतं, म्हातारपणासाठी कोणी देत नाही, हे तू नवऱ्याला सांग, माझं नाव घेऊन सांगितलंस तरी चालेल.

बारशाला लोक चांदीच्या वाट्या आणतील त्यापेक्षा ५२९ ची गिफ्ट लिंक पाठव, सासूबाईंना जरा विचित्र वाटेल पण इथल्या मैत्रिणी खूशच होतील, सात वाट्या घेऊन कुणी काय करायचं. लेकीचा सोशल सिक्युरिटी नंबर आला की फॉर्म भरायला अर्धा तासही लागत नाही. त्यात सक्सेसर ओनरचा (तुझ्यानंतर खातं कोणाकडे जाणार त्याचा) एक रकाना असतो, तो लोक मोकळा सोडतात, तिथे नवऱ्याचं नाव नक्की टाक.

तुझी,
काकू