कारकीर्द छोटी म्हणून पगार मोठा?

खेळाडूंचे करार आणि त्यांच्या पैशांचं नियोजन हे माझं काम. एकच गैरसमज वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला जातो, म्हणून ही उत्तरं एकत्र देत आहे.

प्रश्न : खेळाडू पस्तिशीतच निवृत्त होतो. म्हणूनच त्याला एवढा पगार देणं योग्य आहे ना?

पगार त्यावर ठरतच नाही. इंग्लंडमध्ये १९६१च्या जानेवारीपर्यंत फुटबॉलपटूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त पगार देता येत नसे. कारकीर्द तेव्हाही छोटीच होती. खेळाडूंच्या संघटनेने संपाचा इशारा दिला, मर्यादा उठली आणि फुलहॅम क्लबने आपला खेळाडू जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड द्यायला सुरुवात केली. त्याच्या हातात उरलेली वर्षं तेवढीच होती, वाढली ती घासाघीस करण्याची ताकद. प्रक्षेपण आणि प्रेक्षकांकडून येणारा पैसा खेळाडूच कमावून देतात, त्यात त्यांचा वाटा रास्तच आहे. पण बॅले नर्तकांचं शरीरही लवकर थकतं आणि त्यांना कोणी कोट्यवधी देत नाही. छोटी कारकीर्द हे बचतीचं कारण आहे, पगाराचं नव्हे.

प्रश्न : पगार कमी केले तर तिकिटं स्वस्त होतील का?

नाही. तिकिटाचा दर मागणीवर ठरतो, वाचलेला पैसा मालकाकडे राहील.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, पहिला मोठा करार झालाय. एजंट म्हणतो, ७८ टक्के खेळाडू निवृत्तीनंतर दोन वर्षांत कंगाल होतात, म्हणून आत्ताच त्याच्या योजनेत पैसे टाका.

थांबा. हा आकडा २००९मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या अमेरिकन नियतकालिकाने छापला. तो फक्त अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलपुरता होता आणि त्यात दिवाळखोरीबरोबर नुसती आर्थिक ओढाताणही धरली होती. २०१५च्या एका संशोधनात त्याच लीगचे खेळाडू तपासले, तेव्हा निवृत्तीनंतर १२ वर्षांत सुमारे १६ टक्क्यांनी दिवाळखोरी जाहीर केल्याचं दिसलं. हेही प्रमाण वाईटच आहे. पण खरा धडा पुढे आहे : जास्त वर्षं खेळलेले, जास्त कमावलेले खेळाडूही त्यातून फारसे वाचले नव्हते. उत्पन्न एका दिवसात थांबतं. घराचे हप्ते, नातेवाइकांना लावलेली मदत आणि मित्राच्या धंद्यात अडकलेली रक्कम मात्र तशीच राहते. ही भीती दाखवून घाईघाईने सह्या घेणारे मी सतत पाहतो आणि मला त्याचा संताप येतो. योजनेचा कागद मागा. विकणाऱ्याला किती कमिशन मिळतं आणि मुदतीआधी पैसे काढले तर किती कापतात, या दोन ओळी शोधा. त्या दाखवायला टाळाटाळ झाली तर उठून या. आणि फक्त फी घेणाऱ्या, कमिशन न घेणाऱ्या सल्लागाराला तो कागद दाखवल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. सल्लागार एजंटने सुचवलेला नको.

प्रश्न : करार पाच वर्षांचा आहे. दुखापत झाली तरी पूर्ण पैसे मिळतील ना?

गृहीत धरू नका. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, बहुतेक करारांच्या रकमेची हमी असते, एनएफएलमध्ये अनेकदा काही भागाचीच. तुमच्या करारातलं हमीचं कलम स्वतंत्र वकिलाकडून वाचून घ्या, विम्याचंही विचारा. सही झाली असेल तरी याच आठवड्यात जा.