वाचकांचे प्रश्न : जुनी गाडी आणि वाढीव वॉरंटी

प्रश्न : 2019 सालची पेट्रोल हॅचबॅक घेतोय, एएमटी गिअरची. 58,000 किलोमीटर झालेत, सौदा 4,60,000 ला ठरलाय. डीलर म्हणतो, 16,500 रुपये अधिक जीएसटी भरा, म्हणजे एक वर्ष किंवा 15,000 किलोमीटर ‘इंजिन-गिअरबॉक्स सगळं कव्हर’. हा दर आजपुरताच आहे म्हणे. रोज चाकणला जाऊन-येऊन 50 किलोमीटर होतात. वॉरंटी घ्यावी का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आज सही करू नका. 18 टक्के जीएसटी धरून ही रक्कम 19,470 होते. कामाचे 25 दिवस धरले तर तुमचं रनिंग महिन्याला 1,250 किलोमीटर. त्यात गावची एखादी फेरी आली की 1,500. म्हणजे वर्षाची म्हणून घेतलेली वॉरंटी दहाव्या महिन्यात संपली. भाव ठरवताना हा हिशेब डीलरसमोर मांडा.

आता ‘सगळं कव्हर’ या शब्दांकडे वळू. अटींचा पूर्ण कागद मागा. रंगीत माहितीपत्रकावर भागवू नका. त्यात ‘गिअरबॉक्सचे आतील, ऑइलमध्ये चालणारे भाग’ असं वाक्य आहे का, ते शोधा. एएमटी म्हणजे मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी आणि हाताऐवजी अ‍ॅक्च्युएटर करतो, आणि त्याला हुकूम देतो गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट. हे दोन्ही भाग गिअरबॉक्सच्या पोटात नसतात, बाहेर बसवलेले असतात. आतले दातेरी गिअर 58,000 ला सहसा जात नाहीत. खर्च काढतात ते हा अ‍ॅक्च्युएटर आणि क्लच. वरचं वाक्य असलेल्या वॉरंटीत अ‍ॅक्च्युएटर बसत नाही, आणि क्लच प्लेट तर झिजणारा भाग म्हणून जवळजवळ प्रत्येक वॉरंटीतून बाहेर असते. म्हणजे एएमटीच्या भीतीपोटी पैसे भरायचे आणि नेमकी एएमटीच उघड्यावर राहायची.

म्हणून कागदावर अ‍ॅक्च्युएटर, गिअरबॉक्स कंट्रोल युनिट, इंजिनचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा संगणक), इलेक्ट्रिक स्टिअरिंग, एसी कॉम्प्रेसर आणि अल्टरनेटर यांची नावं छापलेली हवीत. मजुरी धरलेली आहे का, एका क्लेमची आणि एकूण मर्यादा किती, पार्टच्या किमतीत किलोमीटरनुसार तुमचा वाटा किती, हेही बघा. काही योजनांत पहिले काही दिवस क्लेमच चालत नाही. बिघाड सापडला नाही तर खोलाखोलीचे पैसे कुणी द्यायचे, हे विचारायला लोक हमखास विसरतात.

त्याआधी मात्र तपासणी, आणि तीही डीलरच्या माणसाकडून नको. गाडी रात्रभर थंड राहिल्यावर सकाळी तुमच्यासमोर सुरू करायला लावा. सुरू होताच निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर असेल तर सावध व्हा; थंडीत थोडा ओलावा जमतो, पण कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळीही कमी असेल तर हेड गॅसकेटचा (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधल्या सीलचा) संशय धरा. मग वीस मिनिटं गर्दीत चालवा आणि गरम झालेली गाडी चढावर उभी करून पुढे काढा. उचलताना थरथरली, दोन क्षण अडखळून झटक्यात निघाली, तर क्लच संपत आलाय. बऱ्याच एएमटी गाड्यांत क्लच किती झिजलाय याचा आकडा स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर, दिसतो. नवा क्लच घातल्यावर त्याच स्कॅनरने सिस्टिमला क्लच पकडण्याची नवी जागा शिकवावी लागते; ते न करणाऱ्या गॅरेजमध्ये एएमटी देऊ नका.

स्कॅनर लावलाच आहे तर आणखी एक पाहून घ्या. एरर कोड एकही नाही, म्हणून खूश होऊ नका. ‘रेडिनेस मॉनिटर’, म्हणजे गाडी स्वतःच्या करत असलेल्या तपासण्या, अपूर्ण दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. दोन-तीन दिवस चालवून पुन्हा स्कॅन करायला सांगा. विकणारा तयार नसेल तर ही गाडी सोडा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. एरवी आत गुंडाळून राहणाऱ्या टोकाला मातीची रेघ, सीटखालच्या स्प्रिंगांना गंज, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट थर दिसला तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. 2019 आणि 2021 च्या पुरांत सांगली-कोल्हापूरकडे, चिपळुणात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. पुराचं नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि अशा गाडीचं इलेक्ट्रिकल काम वर्षानुवर्षं संपत नाही.

शेवटी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जुन्या सर्व्हिसची नोंद काढून किलोमीटर ताडून बघा. मीटर मागे फिरवलेलं निघालं तर वॉरंटी तिथेच रद्द होते.

आमचं मत असं : तपासणीत गाडी चोख निघाली, अ‍ॅक्च्युएटर आणि कंट्रोल युनिट नावानिशी कव्हर असतील, तर एएमटीला ही वॉरंटी घेण्यात अर्थ आहे, कारण त्यातला एकच बिघाड पाच आकडी बिल काढू शकतो. नावं नसतील तर 19,470 रुपये बँकेत वेगळे ठेवा. क्लच संपत आला असेल तर त्याचं कोटेशन आणून तेवढे पैसे गाडीच्या किमतीतून कमी करून घ्या.

प्रश्न : हीच गाडी मॅन्युअल असती तर?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नोंदी नीट असलेल्या साध्या पेट्रोल मॅन्युअलला आम्ही सहसा नको म्हणतो. तिथे पैसा जातो टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच, सस्पेन्शनचे बुश यांत, आणि यातलं जवळजवळ काहीच वॉरंटीत नसतं. ड्युअल क्लचची, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, गाडी असेल तर उलट. तिचं गिअर आणि क्लच चालवणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर खर्च लाखाच्या घरात जातो. ते कव्हर नसेल तर जुनी ड्युअल क्लच घेण्याचाच फेरविचार करा.

प्रश्न : वॉरंटी असलेली जुनी गाडी घाटात गरम झाली, हेड गॅसकेट गेलं. कंपनी क्लेम देत नाही. म्हणते, कूलंटचा रबरी होस फुटला होता आणि होस कव्हर नाही. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अशा अटी सर्रास असतात. मूळ बिघाड वगळलेल्या भागात असेल तर त्यातून झालेलं पुढचं नुकसानही वगळलं जातं. दुसरा मुद्दा तापमानाचा काटा वर गेल्यावरही तुम्ही किती अंतर चालवली, हा. बऱ्याच गाड्यांत कोड पडला त्या क्षणीचं तापमान आणि वेग ईसीएममध्ये साठतो, त्यामुळे कंपनी काय म्हणते ते पडताळता येतं.

नकार लेखी मागा, त्यात कलमाचा क्रमांक हवा. तपासणीचा अहवाल, फोटो, स्कॅनची प्रिंट घ्या. फुटलेला होस आणि गॅसकेट गॅरेजकडून परत घेऊन जपून ठेवा. होसचा कट ताजा आहे की जुना, यावर वाद फिरू शकतो. कलम तुम्हाला कधी दाखवलंच नव्हतं, किंवा होस तुटल्याचा पुरावाच नाही, असं असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची.

प्रश्न : पहिल्या मालकाने कंपनीची वाढीव वॉरंटी घेतली होती, दोन वर्षं बाकी आहे. ती मला मिळेल का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : बहुतेक कंपन्यांची वॉरंटी चेसिस नंबरवर असते आणि नव्या मालकाकडे येते, पण आपोआप येईल असं धरून बसू नका. सौद्याआधी चेसिस नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये जा. वॉरंटी चालू आहे का, सगळ्या सर्व्हिस वेळेत झाल्या का, नाव बदलायला काय लागतं, हे विचारा. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट किंवा टॅक्सी म्हणून वापर असेल तर ती बहुधा गेलेली असते. चालू असेल तर डीलरची वेगळी वॉरंटी कशाला?

प्रश्न : वॉरंटी घेतली तर विम्यातलं इंजिन प्रोटेक्ट काढून टाकू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. साचलेल्या पाण्यात इंजिनने पाणी ओढलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते वॉरंटीत येत नाही. ते विम्याच्या त्या जोडकव्हरात येतं, तेही पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल मारून तुम्ही स्वतः इंजिन फोडलं नाही तर. टोइंग बोलवा. आणि गाडी नावावर झाली की 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीही नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दलची हप्त्यातली सवलत) मात्र गाडीबरोबर येत नाही, त्याचा फरक भरावा लागेल.