‘दूध पुरत नाही’ म्हणणाऱ्या आईला आधी काय विचारावं?

नव्याने आई झालेल्या मुलींकडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकते ते हेच: "मॅडम, मला पुरेसं दूधच येत नाही." अळीवाची खीर, शतावरी कल्प, डिंकाचे लाडू, सगळं चालू असतं आणि तरी डोळ्यांत पाणी. त्यांतल्या कितीतरी जणींच्या बाळाचं वजन मात्र छान वाढत असतं. म्हणून सायलीबद्दल लिहिते आहे. (नाव बदललं आहे.)

सायली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, बाळ जेमतेम तीन आठवड्यांचं. सोबत तिची आई. बाळंतिणीला मी शक्यतो एकटीला बोलवत नाही. पाजते ती, पण पोट भरलं की नाही याचा निकाल सगळं घर देतं. म्हणून घरातलं कुणीतरी समोर बसलेलं मला हवंच असतं.

"पुरत नाही हे कशावरून वाटतं?"

"संध्याकाळी तो सोडतच नाही. पाजून खाली ठेवला की पुन्हा रडतो. छाती आधीसारखी भरून येत नाही. सासूबाई रोज फोनवर विचारतात, पोट भरतं ना गं त्याचं?"

तिची आई म्हणाली, "चार रात्री वरचं दूध देतोय. बाटली प्यायला की गाढ झोपतो. म्हणजे भुकेलाच होता ना?"

मी फाइल मागितली आणि वजनाचे आकडे सायलीलाच मोठ्याने वाचायला सांगितले. जन्माच्या वेळी २,९०० ग्रॅम. पाचव्या दिवशी २,७२०. पंधराव्या दिवशी ३,०००.

"पाचव्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत त्याला काय काय दिलं?"

"फक्त अंगावरचं."

"मग हे २८० ग्रॅम कुठून आले?"

ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग आईकडे वळली. "आई, हे माझ्या दुधाचे आहेत." आणि रडायला लागली. काकूंनी चष्मा लावून तो आकडा पुन्हा वाचला, मग लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मीही मध्ये बोलले नाही.

‘तुला भरपूर दूध आहे’ असं मी पहिल्याच मिनिटाला सांगू शकले असते. पण घरात चार मतं आधीच होती, माझं पाचवं झालं असतं. आईने स्वतः वाचलेला आकडा तिच्याजवळ राहतो, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. या पद्धतीवर माझा विश्वास आहे.

मग एकेक शंका घेतली. संध्याकाळी बाळ घटकाघटकाला छाती मागतं, ते पहिल्या काही आठवड्यांत नेहमीचंच. छाती मऊ लागते कारण शरीराला बाळाच्या मागणीचा अंदाज आलेला असतो. दूध आटलेलं नसतं. बाटलीनंतर गाढ झोप लागली म्हणजे बाळ उपाशी होतं, असंही नाही. उलट रात्रीची एक बाटली म्हणजे छातीवरचं एक पाजणं कमी. विहीर उपसली तरच झरे मोकळे राहतात, तसं बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं मोलाचं. ताण असेल तर पान्हा उतरायला वेळ लागतो, म्हणून ‘भरतं ना पोट?’ हा प्रश्न आधी थांबवायचा.

त्याऐवजी लंगोट मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा ओले लंगोट आणि लघवी फिकट असेल, तर पोट भरतंय. सुरुवातीला वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत जन्माइतकं होतं आणि पुढे पहिले तीन महिने रोज २० ते ३० ग्रॅम वाढतं. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजायचं. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं हवं, नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळा भागही आत जायला हवा. पाजताना दुखत राहिलं तर पकड चुकते आहे. कुणा जाणकाराला समोर बसवून दाखवा.

सायलीची बाटली बालरोगतज्ज्ञांना विचारून, वजनावर लक्ष ठेवून बंद झाली. सासूबाईंचा फोन आता नवरा घेतो, आणि त्यांनाही लंगोटांचा हिशेब सांगतो. त्या आता तेवढंच विचारतात.

काहींना मात्र खरंच दूध कमी येतं. थायरॉइड, बाळंतपणात झालेला जास्त रक्तस्राव, छातीवर झालेली शस्त्रक्रिया अशी कारणं असतात. लंगोट कमी ओले होत असतील, लघवी गडद असेल, बाळ पाजायलाही उठत नसेल किंवा दोन आठवड्यांनंतरही जन्माचं वजन भरून निघालं नसेल, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी वरचं दूध सांगितलं तर निर्धास्तपणे द्या, वाटी-चमच्याने दिलं तर बरं, आणि छातीला लावणं चालू ठेवा. आणि बाळंतीण दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास, रडवेली राहिली, तर तिलाही डॉक्टरांकडे घेऊन जा.