पहिल्यांदाच व्हायब्रेटर घ्यायचाय, काय बघून घेऊ?

आधी साइज विसर. पहिला छोटाच घे, बुलेट टाइप, बाहेरून वापरायचा, कारण बऱ्याच जणींना आतल्यापेक्षा क्लिटोरिसवरच (योनीच्या वरच्या टोकाचा नाजूक दाणा) जास्त मजा येते आणि घाबरायला पण होत नाही.

मटेरियल मात्र नीट बघ. मेडिकल ग्रेड सिलिकॉन किंवा कडक एबीएस प्लास्टिक ठीक, ते स्वस्तातलं चिकट, रबरासारखा वास मारणारं जेली टाइप काहीतरी मिळतं ना ते फुकट दिलं तरी नको, त्याला बारीक छिद्रं असतात, कितीही धुतलं तरी आत जंतू राहतात.

ल्युब, म्हणजे घर्षण कमी करायचं जेल, वॉटर बेस्डच घे, सिलिकॉनच्या टॉयला सिलिकॉन ल्युब लावलं तर पृष्ठभाग खराब होऊ शकतो. आणि खोबरेल तेल नको गं, टॉयवर कंडोम चढवणार असशील तर लेटेक्स तेलाने फाटतं.

वापरायच्या आधी आणि नंतर कोमट पाणी, सौम्य साबण, पूर्ण वाळवून मगच ठेव. मोटरवालं उकळायचं नाही (हो, लोक उकळतात). मागच्या बाजूने वापरायचं असेल तर तळाशी रुंद बेस हवाच, नाहीतर आत सरकतं आणि मग थेट हॉस्पिटल. मागे वापरलेलं न धुता पुढे अजिबात नाही. दुखलं, बधिर वाटलं की थांब.

साइटवर 'मसाजर' लिहिलेलं असतं त्याने गोंधळू नकोस, आपल्याकडे अश्लीलतेच्या कायद्यामुळे तसंच विकतात. 2024 मध्ये बॉडी मसाजर अश्लील वस्तू म्हणून अडवण्याबद्दलचं कस्टम्सचं अपील मुंबई हायकोर्टाने फेटाळलंय.